अडकला असाल तर एक दाबा

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.४०

आजपासून रोजनिशी. एवढा मोठा निर्णय एका माणसाने एकट्याने कसा घेतला असं पुढेमागे कोणी विचारलं तर हाताशी पुरावा पाहिजे. अर्थात ही कोणी वाचायची नाही.

मालकीणबाईंनी बोलावलं होतं. म्हणाल्या, जुनं टेलिफोन एक्स्चेंज शेवटचे आचके देतंय, सुटे भाग मिळत नाहीत, ३१ तारखेला बंद करायचं. नवीन टेलिफोन सर्व्हरचं सॉफ्टवेअर मागवलंय, तुम्ही बघाल का. म्हटलं, बघितलंच समजा.

आमची कंपनी लिफ्टच्या देखभालीची. शहरभर मिळून दोनशे चौदा लिफ्ट. प्रत्येकीत घंटीचं एक लाल बटण. कोणी अडकलं की ते दाबतो आणि फोन थेट आमच्या ऑफिसात वाजतो. फोन बंद म्हणजे माणूस आत आणि आम्ही बाहेर, कोणाला पत्ता नाही. जबाबदारी केवढी आहे हे यावरून कळावं. मी इथे चौदा वर्षं आहे, खरेदी विभागात, पण माझी खरी लायकी आज ओळखली गेली.

तिसऱ्या मजल्यावरची काचेची केबिन रिकामी आहे. मालकीणबाई म्हणाल्या, काम नीट झालं तर टेलिफोनचा वेगळा विभाग काढू. हे म्हणताना त्या केबिनकडे बघत होत्या. खिडकीकडे बघत असतील कदाचित, पण केबिन त्याच दिशेला आहे.

संध्याकाळी ७. बायकोला सांगितलं की मी विभागप्रमुख झालो. झालो आणि होणार यात फक्त अठ्ठावीस दिवसांचा फरक. तिने लगेच माहेरी फोन लावला. सासरेबुवांनी अभिनंदन केलं. लग्नाला सोळा वर्षं झाली, हे पहिलंच.

मंगळवार, ४ मार्च

पाकीट आलं. एक पेनड्राइव्ह आणि एक बारा पानी पुस्तिका. पुस्तिका उघडली नाही. असल्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर कंपनी स्वतःची टिमकी वाजवते आणि उरलेली अकरा पानं आपल्याला अडाणी समजते. ऑपरेटरबाईंना देऊन टाकली. बाई बावीस वर्षं फोनवर बसल्यात. दोन फोनांच्या मध्ये हाताला लागेल ते वाचतात, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा. म्हटलं, घ्या, तेवढाच विरंगुळा.

खरा प्रश्न ऑपरेटिंग सिस्टीमचा. टेलिफोनचं सॉफ्टवेअर हा भाडेकरू, ऑपरेटिंग सिस्टीम हे घर. आधी घर ठरवायचं, मग भाडेकरू ठेवायचा. घरं दोन. एक विकतचं, मोठ्या कंपनीचं, सगळ्यांच्या ओळखीचं. दुसरं फुकटचं, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बांधलेलं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. गुप्तता म्हणून इथे खरी नावं लिहीत नाही. विकतची ती थोरली, फुकटची ती धाकटी.

निश्चय: शुक्रवारपर्यंत निर्णय.

बुधवार, ५ मार्च

मेहुण्याला फोन केला. कॉम्प्युटरमधला आहे, स्वतःला फार समजतो. विचारलं, टेलिफोन सर्व्हरला थोरली बरी की धाकटी. त्याने विचारलं, सॉफ्टवेअर कुठलं, पुस्तिकेत काय लिहिलंय. म्हटलं, पुस्तिकेचं राहू दे, तुझं मत सांग. तर म्हणाला, भावोजी, आधी पुस्तिका वाचा आणि मग फोन करा. आणि ठेवला!

याच्या नोकरीसाठी मी तीन ठिकाणी शब्द टाकला होता. तिन्ही ठिकाणी नकार आला ते सोडा, शब्द तर टाकला. याला म्हणतात विश्वासघात. क्रमांक एक. नोंद असू दे.

शुक्रवार, ७ मार्च

तक्ता केला. शास्त्रशुद्ध. डावीकडे मुद्दे, वर थोरली-धाकटी, प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण. मला मनातून थोरली पसंत, पण तक्त्याला ते सांगितलं नाही. निकाल: धाकटी ७१, थोरली ६४.

तक्ता चुकलाय. रुबाब हा मुद्दा राहून गेला होता. तो घातला. धाकटी ७३, थोरली ७३.

सोमवारी पुन्हा करू. घाई कामाची नाही.

सोमवार, १० मार्च

ऑपरेटरबाई टेबलाशी आल्या. हातात पुस्तिका. म्हणाल्या, साहेब, पान एक जरा बघता का. मी तक्त्यात होतो. म्हटलं, बाई, हा धोरणात्मक निर्णय आहे, पान एकवर होत नसतो. गेल्या बिचाऱ्या.

जाताना त्यांना थांबवून ती गोष्टही सांगून टाकली. कधीतरी सांगावी लागणारच होती. नवीन सिस्टीममध्ये फोन मशीन उचलतं. रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो, याच्यासाठी एक दाबा, त्याच्यासाठी दोन दाबा. म्हणजे ३१ तारखेनंतर फोन उचलायला माणूस लागणार नाही. हे मी फार हळुवारपणे सांगितलं. तुमची खुर्ची हवी तर घरी न्या, मी मालकीणबाईंकडे शब्द टाकतो, असंही म्हटलं. बाईंनी पुस्तिका मिटली. मग विचारलं, लिफ्टमध्ये एक कुठे दाबायचा?

बावीस वर्षं फोनवर काढली आणि हा प्रश्न! म्हटलं, फोनवर दाबायचा हो, अजून कुठे. त्या हं म्हणाल्या. वाईट वाटलं. काळाबरोबर सगळ्यांनाच धावता येत नाही.

बुधवार, १२ मार्च

रेकॉर्डिंगसाठी बाहेरचा आवाज कशाला? माझाच आहे की. घरी कपाटात डोकं घालून केलं, कोटांमुळे घुमत नाही. सतराव्या खेपेला मनासारखं जमलं. मजकूर असा: नमस्कार. आपलं स्वागत आहे. आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. सेवा सुधारण्यासाठी हा संवाद नोंदवला जात आहे. आपण लिफ्टमध्ये अडकला असाल तर एक दाबा. अडकून दहा मिनिटांहून जास्त वेळ झाला असेल तर दोन दाबा. इतर चौकशीसाठी तीन दाबा. धन्यवाद.

बायको म्हणाली, हे संपेपर्यंत माणूस सुटूनसुद्धा येईल. कलेची जाण नाही.

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्याच पेनड्राइव्हवर घातलं आणि तो ऑपरेटरबाईंकडे सांभाळायला दिला. म्हटलं, वेळ आली की लावायचा. कुठे लावायचा, असं त्यांनी विचारलं. मी गडबडीत होतो, म्हटलं, तुम्हीच बघा. ज्या आवाजामुळे आपली खुर्ची जाणार तो माणूस सांभाळून ठेवतो, याला मोठं मन लागतं. बाईंचं आहे.

रविवार, १६ मार्च. सकाळी १०

निश्चय: प्रत्यक्ष प्रयोग. घरच्या कॉम्प्युटरवर धाकटी बसवून बघतो. तासाभराचं काम.

दुपारी १.३०. धाकटी बसली! काळा पडदा, पांढरी अक्षरं. एकदम विमान चालवल्यासारखं वाटतंय. मध्ये एकदा तिने विचारलं की आधीचं सगळं पुसू का. हो म्हटलं. नव्या घरात जुना पसारा कशाला?

दुपारी २.१५. जुन्या पसाऱ्यात बायकोच्या आठवी-नववीच्या प्रश्नपत्रिका होत्या. नऊ वर्षांच्या. बायको शाळेत गणित शिकवते.

दुपारी २.४०. तिला अजून माहीत नाही. सांगायची योग्य वेळ बघतोय.

दुपारी ३. कळलं.

सोमवार, १७ मार्च

घरात अबोला. डबा मीच भरला. त्यात चमचा घातला नाही हे ऑफिसात कळलं.

संध्याकाळी मेहुणा येऊन गेला. खिशातून एक डिस्क काढली. प्रश्नपत्रिका सगळ्याच्या सगळ्या! मी ५ तारखेला त्याला फोन केला, त्याच दिवशी त्याने बहिणीला सांगितलं की भावोजी काहीतरी करणार, आधी कॉपी काढून ठेव. तिने काढली. म्हणजे बारा दिवस ही बाई माझ्यासमोर रोज शांतपणे चहा पीत होती आणि आतून माझ्या हातून गोंधळ व्हायची वाट बघत होती.

मग अबोला कशासाठी, विचारलं. म्हणाली, पुसताना एकदा हाक मारून विचारलं असतंस तर. स्वयंपाकघरातच होते.

क्रमांक दोन आणि तीन. सख्खी भावंडं आहेत, वेगवेगळे मोजावे लागणार. आपलंच माणूस आपल्यावर असा अविश्वास दाखवतं तेव्हा फार लागतं मनाला. अक्षर वाकडं आलंय ते दुःखाने. किंवा टेबल हलतंय.

बुधवार, १९ मार्च

ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर थोरली बसवायला घेतली. सकाळी सव्वादहाला. पडद्यावर एक गोल फिरतंय. खाली लिहिलंय, जवळपास झालंच.

दुपारी ४. जवळपास झालंच.

संध्याकाळी ५.३०. घरी निघालो. फिरू दे.

शुक्रवार, २१ मार्च

अजून गोल. पण एक चांगली बातमी. जुनं एक्स्चेंज सुधारलंय! आठवडाभर फोनवरची खरखर अजिबात नाही. आधी लिफ्टमधला माणूस विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू यायचा, आता शेजारी बसून बोलतोय असं वाटतं. मागच्या शुक्रवारी मी त्याच्या कपाटावरची धूळ झटकली होती, त्याचा हा परिणाम. आज तर त्याची ती सततची घरघरसुद्धा थांबलीय. दिवेही विझलेत, म्हणजे विजेची बचत.

जिन्यात आमचा मुख्य मेकॅनिक भेटला. कायम हातात पाना, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणतात. खांद्यावर वायरचं भेंडोळं होतं. कुठे, विचारलं, तर म्हणाला बाईंच्या टेबलाखाली. म्हटलं, पंखा का? हसला नुसता. माणूस कामाला चोख आहे, पण बोलण्यात अर्धवट.

बुधवार, २६ मार्च

पाच दिवस राहिले. तक्त्यात एकूण एकतीस मुद्दे झालेत. बरोबरी सुटत नाही.

ऑपरेटरबाई पुन्हा पुस्तिका घेऊन. पान एक म्हणाल्या. या वेळी जरा आवाज चढला माझा. म्हटलं, बाई, इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही एकच पान धरून बसलाय, निदान पुढे तरी सरका. त्या म्हणाल्या, मी बारापर्यंत पोहोचले साहेब. म्हटलं, छान, मग आता नवीन काहीतरी वाचायला घ्या.

बायको बोलायला लागलीय. विचारलं तिने, केबिनमध्ये कधी जाणार, बाबा विचारत होते. म्हटलं, रंगाचं काम चाललंय.

शुक्रवार, २८ मार्च. दुपारी १२

झालं! ठरलं! थोरली.

तक्त्यातून नाही. तक्ता फाडला. हा निर्णय आतून आला. दोन पानी टिपण लिहून मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. विषय: दूरध्वनी सर्व्हरसाठी ऑपरेटिंग सिस्टीमची निवड, सखोल अभ्यासाअंती. खाली सही, सहीखाली विभागप्रमुख (नियोजित).

त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, तुम्ही ऑपरेटरबाईंशी बोललात का? म्हटलं, त्यांना मी फार आधीच, फार हळुवारपणे सांगितलंय. त्यांनी कपाळावर हात ठेवला. भारावल्या असाव्यात.

शनिवार, २९ मार्च

आज जे समजलं ते लिहायलाही शब्द नाहीत. तरी लिहितो.

पेन घरंगळत ऑपरेटरबाईंच्या टेबलाखाली गेलं म्हणून वाकलो. खाली एक काळी पेटी. हिरवा दिवा लुकलुकतोय. त्यातून निघालेली वायर पानाच्या भेंडोळ्यातली, मी रंग ओळखला. विचारलं, हे काय आहे. बाई म्हणाल्या, टेलिफोन सर्व्हर. कधीपासून, विचारलं. म्हणाल्या, चौदा तारखेपासून. सगळ्या लिफ्ट त्याच्यावरच चालल्यात. जुनं एक्स्चेंज वीस तारखेला बंद केलं.

मी तिथेच टेबलाखाली बसलो.

मालकीणबाईंनीच ११ तारखेला बाईंना सांगितलं म्हणे, की साहेब अभ्यासात आहेत, त्यांना त्रास देऊ नका, तुम्ही पुस्तिका वाचलीय तर करून टाका. बाईंनी केलं. पाना मदतीला. हिशेबनिसाला माहीत होतं, वॉचमनला माहीत होतं. अडीच आठवडे हे सगळे माझ्यासमोर जेवत होते, हसत होते, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही! पाठीत सुरा खुपसायचा तर निदान एकाने खुपसावा. इथे अख्खं ऑफिस रांग लावून उभं होतं. क्रमांक मोजायचं सोडून दिलं.

आणि प्रश्न आहे तो आहेच. ती पेटी कुठल्या घरात राहतेय? थोरली की धाकटी? विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. यांच्याकडून कळून घ्यायचं नाही. माझ्या निर्णयाशिवाय बसवलेली सिस्टीम अनधिकृत आहे. अनधिकृत गोष्ट टिकत नाही. आज ना उद्या दगा देणारच, आणि मीच ते दाखवून देणार.

रविवार, ३० मार्च

योजना तयार. उद्या ११ वाजता सगळे हॉलमध्ये जमणार आहेत. मालकीणबाई नवीन सिस्टीमची घोषणा करणार. त्या वेळी मी ऑफिसच्याच लिफ्टमध्ये जाणार. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये ती थांबवणार. पॅनेलच्या झाकणाखाली एक स्टॉपचा खटका असतो, त्याला हात लावू नका असं पाना नेहमी सांगतो, म्हणजे तो चालतो. मग लाल बटण दाबणार. कोणी उचलणार नाही. पाच मिनिटं वाट बघून खाली येणार आणि सगळ्यांसमोर एवढंच विचारणार: मी खरोखर अडकलो असतो तर?

त्यानंतर केबिन कोणाची हे सांगायची गरज पडणार नाही.

बायकोने विचारलं, सूट कशाला काढलास. म्हटलं, उद्या कळेल.

सोमवार, ३१ मार्च. सकाळी ११.०४. लिफ्टमध्ये

उभ्याने लिहितोय. खटका ओढला. थांबली. मोबाईलला रेंज नाही, म्हणजे परिस्थिती अगदी खरी. लाल बटण दाबतो.

११.०६. वाजतंय.

११.०७. उचललं! पुरुषाचा आवाज. भारदस्त, स्पष्ट, ऐकत राहावा असा. ओळखीचाही वाटला. मग लक्षात आलं. मीच!

म्हणजे बाईंनी माझं रेकॉर्डिंग लावलं. डोळे भरून आले.

११.०८. मी म्हणतोय, अडकला असाल तर एक दाबा. प्रयोग पूर्ण करावा म्हणून एक शोधला. पॅनेलवर एक आहे. दाबला. दिवा लागला. तो पहिल्या मजल्याचा एक होता.

दोन दाबला. दुसरा मजला. तोही नुसताच लागला. लाल बटण एकच, त्याच्यावर आकडा नाही. जाळीतून आवाज येतो तिथेही आकडा नाही.

लिफ्टमध्ये एक कुठे दाबायचा.

११.१०. पुरे. प्रयोग संपला. खटका परत आत ढकलला. लिफ्ट हलत नाही.

११.११. पुन्हा ढकलला. हलत नाही. मी पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागलोय. स्वागत आहे म्हणतो. मोलाचा आहे म्हणतो. ओरडलो, अरे गाढवा, एक आहे कुठे? तर शांतपणे म्हणतो, संवाद नोंदवला जात आहे. या आवाजासाठी मी कपाटात डोकं घालून सतरा वेळा उभा राहिलो! सगळ्यांनी दगा दिला तेव्हा एवढं लागलं नव्हतं. घाम फुटलाय. इथे हवा कमी आहे का?

११.१३. ऑपरेटरबाई आल्या लाईनवर. आल्या!

त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असतात. बावीस वर्षं तेच, त्याच क्रमाने. कुठली इमारत? म्हटलं, बाई, मी आहे, मी! म्हणाल्या, बरं, किती माणसं? म्हटलं, एक. सगळे ठीक आहेत ना? म्हटलं, नाहीत. खटक्याचं सांगितलं. तो ओढला की वरच्या मशीनच्या खोलीतूनच सोडवावा लागतो, आणि पाना शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलाय, तासभर तरी लागेल. घाबरू नका, मी फोन ठेवत नाही, म्हणाल्या.

१२.३५. ठेवला नाही. मधे तीनदा दुसऱ्या लिफ्टचे फोन आले, तेवढ्यापुरत्या गेल्या आणि परत आल्या. गाठ सैल करा म्हणाल्या टायची. खाली बसा म्हणाल्या. सुटाचं काही होत नाही. बसलो. मग विचारलंच. म्हटलं, बाई, एक सांगा, थोरली की धाकटी. त्यांना ती नावं माहीत नव्हती, समजावून सांगितली. त्यांनी पान उलटल्याचा आवाज आला. वाचून दाखवलं: या सॉफ्टवेअरबरोबर त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम येते. पेनड्राइव्ह लावल्यावर ती आपोआप बसते. वेगळी निवडण्याची आवश्यकता नाही.

पान एक. पहिलीच ओळ.

भाडेकरू घर पाठीवर घेऊनच आला होता.

म्हटलं, मग सांगितलं का नाहीत? म्हणाल्या, सहा वेळा आले होते साहेब. रोजनिशी चाळली. दोनदाची नोंद सापडली. बाकी चार वेळा मी काय करत होतो कोण जाणे. तक्ता करत असेन.

१.०२. अजून एक विचारलं. माझं रेकॉर्डिंग दोनशे चौदाही लिफ्टला लावलंत, मग लोक सुटतात कसे? म्हणाल्या, नाही हो, बाकीच्या सगळ्या थेट माझ्याकडे येतात. तुमचं फक्त ऑफिसच्या लिफ्टला लावलं. तिथे कधी कोणी अडकत नाही ना. आणि मुळीच लावलं नसतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. चारदा ऐकूनही कोणी काही दाबलं नाही तर फोन आपोआप माझ्याकडे येतो, पान नऊ.

खुर्ची घरी न्या म्हणून सांगितलं होतं मी या बाईला. माफी मागितली. जाळीकडे तोंड करून मागितली. त्या हं म्हणाल्या. मग म्हणाल्या, पाना पोहोचला, आता एक झटका बसेल, धरून उभे राहा.

मंगळवार, १ एप्रिल

काल लिहायचं राहिलं. दार उघडलं तेव्हा समोर अख्खं ऑफिस. घोषणेसाठी सर्व्हरवर येणारे फोन स्पीकरवर ठेवले होते, पहिला फोन सगळ्यांना ऐकवायचा म्हणून. पहिला फोन माझा. गाढवापासून माफीपर्यंत सगळं सगळ्यांनी ऐकलं. वर नोंदवलंही गेलंय. मालकीणबाई म्हणाल्या, अडकलेल्या माणसाशी कसं बोलावं याचा इतका चांगला नमुना दुसरा मिळणार नाही, नवीन लोकांना ऐकवू.

टेलिफोन विभाग झाला. प्रमुख ऑपरेटरबाई. काचेची केबिन त्यांना देऊ केली तर नको म्हणाल्या, त्यांना आपलंच टेबल बरं. मग केबिनमध्ये सर्व्हरची पेटी ठेवली. तिला थंड हवा लागते.

घरी खरं सांगितलं. बायको म्हणाली, माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हटलं, आणि सासरेबुवांचं अभिनंदन? म्हणाली, ते मीच करायला लावलं होतं. तू इतका खूश होतास, म्हटलं, होऊन जाऊ दे एक दिवस. यावर रागवायचं की काय करायचं ते ठरेना. तिने चहा ठेवला. डब्यात चमचा घालते उद्यापासून, म्हणाली.

सोमवार, ७ एप्रिल. सकाळी १०.२०

मला नवीन जबाबदारी. दोनशे चौदा लिफ्टपैकी प्रत्येकीत जाऊन लाल बटण दाबायचं, फोन लागतो का बघायचं, यादीवर खूण करायची. शहरभर एकट्याने फिरायचं. जोखमीचं काम आहे, कोणालाही देत नाहीत. सासरेबुवांना कळवायला हरकत नाही.

आठ मजली इमारत, लिफ्ट क्रमांक तेवीस. दार लावलं. बटण दाबलं. दुसऱ्या रिंगला बाईंनी उचललं. मी काही बोलायच्या आत विचारलं, कुठली इमारत. सांगितली. किती माणसं?

एक, म्हटलं. मीच.

सगळे ठीक आहेत ना?

यादीत या उत्तरासाठी जागा नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. ठीक आहेत, म्हटलं. आणि दार उघडायला जरा वेळ लावला.